झाडावरच्या साळिंदराचं बाळंतपण

बाबा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, पण माझ्या सीमंताला तुम्ही भलताच काटा घेऊन आलात ते आठवलं की अजून हसू येतं. नवऱ्यानं साळिंदराच्या काट्यानं बायकोचा भांग पाडायचा, ही रीत. पण त्या वर्षी अमेरिकेतल्या लढाईमुळं आपल्या कापसाला सोन्याचा भाव. सगळ्या गाड्या त्यातच गुंतलेल्या, मेळघाटातून काटा आणणार कोण? तुम्ही अमरावतीत गोऱ्या साहेबाच्या कोठीवर कापूस पारखायला होतात. तिथं भिंतीवर त्यानं अमेरिकेतून आणलेलं साळिंदराचं कातडं होतं, त्यातलाच काटा मागून आणलात. बोटभर लांबीचा, पिवळट. ह्यांनी तो भांगातून फिरवला तर टाळूतच रुतला, आणि मागं येईना. तुम्ही चिमट्यानं उपटलात. मी रडायचं सोडून त्याचं टोक चाचपत बसले, तर कुसळासारखे बारीक उलटे दात.

बायका अपशकुन म्हणाल्या. आई धाकट्या भावाच्या बाळंतपणातच गेलेली, त्यामुळं मला आधीच धास्ती. माझं मन रमावं म्हणून तुम्ही रोज त्या जनावराची नवी गोष्ट आणायला लागलात. ते आपल्याकडच्या साळिंदरासारखं बिळात नाही, झाडावरच राहतं, बेचक्यात झोपतं, थंडीत साल खातं. घामाच्या खारटपणासाठी कुऱ्हाडीचा दांडासुद्धा कुरतडतं. एकदा मी वाढता वाढता विचारलं, "मंग काट्याचं पिल्लू पोटातून येत कसं असन? मायचं काय होत असन?" तुम्ही म्हणालात, "काहून भेतं वं पोरी? उद्या साहेबाले इचारतो."

बापानं साहेबाला विचारायचा प्रश्न का हा! दुसऱ्या दिवशी जोडे न काढताच तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभे. "अवं, एकच पिल्लू होते. डोये उघडेच असते त्याचे. अन् काटे ओल्या केसावानी मऊ. हवा लागली का मंग ताठ होते. मायले काही होत नाई."

कळा सुरू झाल्यावर सुईण देवाचं नाव घे म्हणत होती आणि मी नुसतं मऊ, मऊ म्हणत होते. तुमचा नातू सुखरूप आला.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून विचारते. साहेबाला मराठी येत नव्हतं, तुम्हाला इंग्रजी. भाव आणि वजन सोडून तुमचं बोलणं कधी पुढं गेल्याचं मी ऐकलं नाही. मग बाळंतपणाचं कसं विचारलंत? नातू आता इंग्रजी पुस्तकं वाचतो, एका दिवसात खरंखोटं शोधून सांगेल. त्याला मी अजून विचारलेलं नाही. परवा त्याची पोटुशी बायको घाबरून रडत होती, तिला मात्र सगळं सांगितलं, आणि हे खुद्द साहेबानं सांगितलंय असं वर ठासून म्हणाले.