पहिल्या विसात

४ मार्च

ती. वहिनीस सा. न., आणि हे पत्र दादाला न दाखवता वाचण्याची वि. वि.

तब्येत ठीक, गळा मात्र वैतागलाय. तिसऱ्या कॅसेटवरही तेच, सोळा वर्षांच्या पोरीसारखं फिदीफिदी हसत गायचं. पहिलं गाणं देशभर चाललं ते त्या हसण्यामुळेच, असं कंपनीच्या साहेबांचं ठाम मत. मी छत्तीस वर्षांची घोडी झालेय म्हटलं, तर म्हणाले, कॅसेटवर वय दिसत नाही. रेकॉर्डिंगच्या वेळी एक कडवं सरळ माझ्या आवाजात गायले. साहेबांनी ते लगेच पुसायला लावलं.

राहायची खोली कंपनीची, गाडी कंपनीची, कुठे काय बोलायचं तेही कंपनीच ठरवते. घाण्याला जुंपलेल्या बैलाला निदान गावं तरी लागत नाही.

सुटायची एकच वाट आहे. ही कॅसेट एप्रिल संपेपर्यंत एकदाही देशाच्या खपाच्या यादीत पहिल्या विसात आली नाही, तर मी मोकळी. आली, तर आणखी पाच वर्षं त्यांचीच. सध्या ती पार तळाला आहे आणि मला आनंदाच्या उकळ्या फुटताहेत. सुटले की तडक घरी येईन, शिकवण्या घेईन, मला हवं ते गाईन.

दादाला यातलं अक्षर सांगू नका, तुम्हाला माझ्या गळ्याची शपथ. आईबाबांच्या मागे त्याने रात्रंदिवस मशीन चालवून मला गाणं शिकवलं. मी इथे रडतेय हे कळलं, तर स्वतःलाच दोष देत बसेल.

लोभ वाढवा, कॅसेट मात्र विकत घेऊ नका.

तुमची नणंद,
टिमकी

२२ मार्च

चि. टिमकीस अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

शपथ घालण्याआधी जरा विचार करायचास! कॅसेट तळाला आहे हे रेडिओवर ऐकलं आणि हे भरल्या ताटावरून उठले. हे शिंप्यांच्या संघटनेचे चिटणीस, विसरलीस ना? देशभरच्या शिंप्यांना पत्रं गेली. आता म्हणे गावोगावच्या दुकानांत दिवसभर तूच. मापं द्यायला आलेला माणूस हात वर करून उभा, पळणार कुठे? ऐकतो बिचारा, आणि कॅसेट घेऊनच जातो.

मी आडून आडून सांगून पाहिलं. म्हटलं, गाणं काही खास नाही. तर म्हणाले, नणंदेचा हेवा वाटतो तुला, आणि दोन दिवस अबोला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार! आज तू एकतिसावी आहेस आणि माझा जीव टांगणीला लागलाय. शपथ सोडव, म्हणजे सांगून टाकते.

आशीर्वाद आहेतच, आधी उत्तर धाड.

तुझी हेवेखोर वहिनी

९ एप्रिल

ती. वहिनीस घाईचा नमस्कार.

दौऱ्यावर होते, तुमचं पत्र माझ्यामागे फिरत आज हाती पडलं. शपथ सुटली. दादाला सगळं सांगा, आजच सांगा. रागावला तर रागावू दे. साहेब हल्ली मला बघून हसतात.

टिमकी

१७ एप्रिल

चि. टिमकीस आशीर्वाद.

कसं लिहू कळत नाही. तुझं पत्र मिळालं तशी धावत दुकानात गेले. सगळी मशीनं बंद, रेडिओवर यादी चालू. अठराव्या नंबरला तुझं नाव आलं. हे कापड बेतायच्या टेबलावर डोकं टेकून लहान मुलासारखे रडले. म्हणाले, आईबाबांनी सोपवलेलं काम आज पुरं झालं. पत्र माझ्या मुठीत होतं. माझ्याच्याने बोलवलं नाही गं. आणि आता सांगून उपयोग तरी काय?

माझ्यावरचा लोभ राहिला असेल तर दोन ओळी लिही.

वहिनी

२५ एप्रिल

ती. दादास सा. न.

पोचली रे तुझी टिमकी विसात! साहेबांनी स्वतः उठून मला खुर्ची दिली आणि पाच वर्षांचा नवा करार पुढे ठेवला. सही केली. हे शिंपी तुमचे कोण, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, घरचे. तू नसतास तर हे झालंच नसतं, दादा.

वहिनींशी भांडू नकोस. हेवा त्यांच्या मनातही नाही, आणि गाण्यातलं त्यांना तुझ्यापेक्षा जास्त कळतं. दुकानातल्या सगळ्यांना माझा नमस्कार सांग. तुझी माया अशीच राहू दे, मला तिचा फार आधार आहे.

तुझी,
टिमकी

ता. क. घरी कधी येतेस, असं विचारलंयस. साहेबांना विचारून कळवते.