रांग म्हणजे रांग

२ जानेवारी, किसुमू
नव्या वर्षाचा संकल्प. 'यामो'ला यापुढे फावल्या वेळातलं काम म्हणायचं नाही. यामो म्हणजे वारा. सरोवरातल्या बेटावरच्या आमच्या माणसाने वादळ येताना पाहिलं की तो एक बटण दाबतो, आणि आमचं सॉफ्टवेअर एकेका कोळ्याच्या फोनवर मेसेज पाठवतं: किनाऱ्याला या. सगळं मोफत, कोड साऱ्या जगाला खुला, सगळे स्वयंसेवक. संस्थापक: मी, झाब्लन रादिंग. चूल तीन दगडांवर उभी राहते. आमचे तीन दगड म्हणजे कोड, प्रसिद्धी आणि पैसा. यंदा तिन्हींना सारखा वेळ. कोडला उद्यापासून सुरुवात.

९ जानेवारी
कोड राहिला. लोगो झाला. निळा वारा, पांढरी होडी. अकेयोला दाखवला. ती दिवसभर बँकेच्या काउंटरवर बसते आणि संध्याकाळी आमचा निम्मा कोड लिहिते. (खरं तर निम्म्याहून थोडा जास्त.) शीड उलटं लागलंय, अशा होडीने माणूस मीठ आणायलासुद्धा पोचायचा नाही, असं म्हणाली. कलेतलं तिला काय कळतं.

१७ जानेवारी
दोनशे पिवळे टी-शर्ट आले. पाण्यावर लांबून दिसतात. रंग पक्का असल्याची दुकानदाराने हमी दिली. मोठा भाऊ ओलुओच उगिना बीचवरून मासे घेऊन आला होता, पहिला त्यालाच दिला. ओमेरा, म्हणजे भावा, हा घातला की जाळ्यात मासे जास्त येतात का, असं विचारत होता. या माणसाला प्रसिद्धी म्हणजे काय ते या जन्मी कळायचं नाही. पण घालून गेला.

४ फेब्रुवारी
नैरोबीच्या एका प्रतिष्ठानाकडे निधीसाठी अर्ज केला. एक्केचाळीस पानं. पान सदतिसावर 'दुहेरी मंजुरी धोरण': संस्थापक आणि समिती, दोघांच्या मंजुरीशिवाय कोडमध्ये कानामात्राही बदलणार नाही. समिती अजून नेमलेली नाही. धोरण मात्र उत्तम.

११ फेब्रुवारी
यादीत एकशे बेचाळीस कोळी होते. आज चारशे पाहुणे घातले: पत्रकार, प्रतिष्ठानाची माणसं, कॉलेजांचे प्राचार्य. सगळ्यात वर घातले, म्हणजे इशारा आधी त्यांना मिळेल. मोठ्या माणसांना ताटकळत ठेवणं बरं दिसत नाही. मेसेजच्या शेवटी 'सौजन्य' म्हणून प्रतिष्ठानाचं नावही जोडलं. निधी अजून मिळालेला नाही, पण माणसाने आशावादी असावं.

अकेयोचा फोन. डोकं ठिकाणावर आहे का, असं सरळ विचारलं. आपल्याकडे एकच मॉडेम, मिनिटाला दहा मेसेज. सौजन्याच्या शेपटीने लांबी वाढून एका मेसेजचे दोन होतात. शेवटच्या कोळ्याला इशारा मिळायला पावणेदोन तास लागतील, तोवर वारा येऊन, जेवूनखाऊन परत गेलेला असेल, असं म्हणाली. पैसा आला की दहा मॉडेम घेऊ, असं मी शांतपणे सांगितलं. तिने फोन ठेवला. मीही ठेवलाच असता.

१८ फेब्रुवारी
ओलुओचचा फोन पाण्यात पडला. नवा नंबर यादीत घाल म्हणाला. आणि जमलं तर जरा वर घाल, सख्खा भाऊ आहेस ना माझा, असं हसतहसत म्हणाला. मी नाही म्हटलं. रांग म्हणजे रांग. घरच्यांना वशिला नाही. जुना नंबर तसाच ठेवला, नवा शेवटी घातला: पाचशे त्रेचाळिसावा. अपोंडी वहिनीला हे पटलेलं दिसलं नाही. चहात साखर नव्हती. तत्त्वाने वागणाऱ्याला हे सोसावं लागतं. संध्याकाळभर अभिमान वाटत राहिला.

२५ फेब्रुवारी
अकेयोने दुरुस्ती पाठवली. दोन रविवार घालवले म्हणे. कोळी आधी, पाहुणे मागून, सौजन्याची ओळ गायब. मी 'मर्ज'चं बटण दाबलं की लगेच लागू. काम चांगलं आहे, हे मी मोठ्या मनाने मान्य करतो. पण समितीची मंजुरी कुठे आहे? शिवाय २१ मार्चला नैरोबीत माझं भाषण. तिथे जाहीर करायला काहीतरी ताजं हवं. 'यामो २.०, आता वेगवान!' आजच मर्ज केलं तर त्या दिवशी स्टेजवर काय सांगू? साडेतीन आठवड्यांचा प्रश्न आहे. मोठी वादळं एप्रिलशिवाय येत नाहीत.

७ मार्च
अकेयोने आठवण करून दिली. प्रक्रिया सुरू आहे, असं कळवलं.

१४ मार्च
पुन्हा अकेयो. एकच ओळ: बटण दाबायला बोट लागतं, समिती लागत नाही. उद्धट. उत्तर उद्या देईन.

१५ मार्च
उत्तर राहिलं. स्लाइड्स मात्र पूर्ण. अठ्ठावन्न.

२१ मार्च, नैरोबी, संध्याकाळी ६
सोन्याचा दिवस. तीन वाजून दहा मिनिटांनी, एकतिसाव्या स्लाइडवर असताना, हॉलमध्ये एक फोन वाजला. मग दुसरा. मग पहिल्या तीन रांगा. खरा इशारा! तिकडे बेटावर खरंच बटण दाबलं गेलं होतं. प्रतिष्ठानाच्या बाईंनी फोन उंच धरून सगळ्यांना दाखवला. टाळ्या. लोक उभे राहिले. ठरवूनही असं जमलं नसतं. निधीची काळजी सोडा, असं बाई स्वतः म्हणाल्या.

अकेयोचे अकरा मिस्ड कॉल. अभिनंदनाचे असणार. समोसे संपायच्या आत जातो.

२२ मार्च, बसमध्ये
अभिनंदनाचे नव्हते. ओलुओचची होडी चारच्या सुमारास उलटली. तिघे होते. दोघांना दुसऱ्या होडीने उचललं. चार वाजेपर्यंत ते निवांत जाळं टाकत होते म्हणे. ओलुओच मिळालेला नाही. पण तो लहानपणापासून पट्टीचा पोहणारा. कुठल्यातरी बेटावर असेल. बेटावरून फोन लागत नाही.

२४ मार्च
सापडला. टी-शर्टमुळे लांबूनच दिसला, असं कोळी म्हणाले. रंग पक्का होता.

२ एप्रिल
परवा त्याला पुरलं. प्रतिष्ठानाची मेल आली आहे: निधी मंजूर, लाभार्थी कोळ्यांचे हसरे फोटो पाठवा. सकाळी मर्जचं बटण दाबलं. एक सेकंद लागला. समितीने हरकत घेतली नाही. अकेयोला कळवलं.

दुपारी उगिनाला गेलो. पहिला फोन बुडाल्यापासून ओलुओच नवा फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून गळ्यात घालायचा. तुला यातलं कळतं, म्हणून वहिनीने तो माझ्या हातात दिला. पिशवीत पाणी गेलंच नव्हतं. चार्जिंगला लावला, चालू झाला. आमचा मेसेज होता, चार अठ्ठावन्नचा.

वहिनीने सावकाश वाचला. वादळ येत आहे, ताबडतोब किनाऱ्याला या. मग सौजन्याची ओळ वाचली. ही कोण माणसं, त्याच्या ओळखीची होती का, असं विचारलं. मग वेळ पाहिली. इतका उशिरा का रे आला, असं विचारलं.

मी नेटवर्क म्हणालो.

हो, इकडे नेटवर्कचं असंच आहे, असं ती म्हणाली. मग उठली आणि माझ्यासाठी चहा केला. साखर दोन चमचे, मला लागते तेवढी.