दूध संस्थेच्या भोंग्यावरची गिटार

३० मार्च १९८७, पाडवा. सकाळ.
संकल्प एक: पावसाळ्याच्या आत बीड जिल्ह्यातला पहिला रॉक गिटारिस्ट व्हायचं. संकल्प दोन: तंबाखू बंद.
केजच्या हॉटेलात भज्यांखाली आलेला इंग्रजी पेपर जपून ठेवलाय. अमेरिकेतल्या एका गिटारवाल्याची लाइफ स्टोरी. गिटारला वीज जोडून लोकांची झोप उडवणारा पहिला माणूस. नाव तेलात गेलं. मी त्यांना गुरुजी म्हणतो. गुरुजी शेतमजुराच्या घरचे. आधी चर्चमधून हाकललं, मग बँडमधून, मग जगात नाव झालं. मला अजून कुणीच हाकललं नाही, तेवढंच कमी पडतंय.

१ एप्रिल
प्रॅक्टिस. गिटार औरंगाबादला कॉलेजात असताना घेतलेली. शेळ्या बिथरल्या. आमची बायको जानकी म्हणाली, आडाला टिपूस न्हाई, मी दोन कोस हिंडून दोन हंडे आणले, अन् तुमी कावून त्या लाकडाला खाजवत बसलाव? कला कळायला वेळ लागतो.
तंबाखू: एकदाच.

४ एप्रिल
अडचण आवाजाची. गुरुजींकडे ॲम्प्लिफायर होता.
उपाय सापडला! मी गावच्या दूध संस्थेचा सचिव. संस्थेचा ॲम्प्लिफायर, माईक, भोंगा, बॅटरी, सगळं माझ्या ताब्यात. दुष्काळामुळं जनावरं चारा छावणीला गेली, दूध रोजचं नऊ लिटर. भोंग्याला काम एकच. दिवसाआड पाण्याचा टँकर येतो, तेव्हा मी माईकवर ओरडायचं. मधल्या दिवशी भोंगा रिकामाच. सहकार म्हणजे तरी काय? सगळ्यांचं ते माझं.

८ एप्रिल, दुपारी ४
पहिला जाहीर कार्यक्रम!! माईक गिटारच्या पोटाला बांधला. तार छेडली, भोंगा खरखरला, अन् पाच मिनिटांत डेअरीपुढं अख्खं गाव. माणसं पळत आली. बायका हातातले हंडेसुद्धा ठेवायला थांबल्या नाहीत. सारजाबाई, वय सत्तर, सगळ्यांच्या पुढं, दोन घागरी घेऊन. माझे डोळे भरून आले. पब्लिक जरा लाजरं, सारखं रस्त्याकडं बघत होतं.
मग कुणीतरी विचारलं, टँकर कुठाय? मी म्हणालो, आज टँकर नाही, आज म्युझिक. त्यावर सारजाबाई जे बोलली ते इथं लिहीत नाही. एक घागर कानाजवळून गेली. गुरुजींवर बाटल्या फेकल्या होत्या, तसं पेपरात आहे.

१० एप्रिल
दुसरा कार्यक्रम. गर्दी निम्मी, शिव्या दुप्पट. संस्थेचे चेअरमन आप्पाराव दुपारच्या झोपेतून उठून धोतर सावरत आले. म्हणाले, काय बे, भोंगा काय तुझ्या बापाचा हाय? मी म्हणालो, संस्थेत माझाबी शेअर हाय. ते म्हणाले, तुझ्या शेअरात त्या भोंग्याचा स्क्रूबी येत न्हाई.
राजकारणी माणूस. दुर्लक्ष.

१२ एप्रिल
तिसरा कार्यक्रम. अर्धा तास वाजवलं, कुत्रं फिरकलं नाही. शेवटी माईकवर म्हणालो, टँकर आला, टँकर आला. खोटं म्हणून नाही. मंगलाचरण म्हणून. सवयीचं वाक्य कानावर पडलं की माणूस मोकळा होतो.
आले. ऐकलं नाही. मला डेअरीत कोंडून बाहेरून कडी लावली.
तंबाखू: मोजली नाही.

१३ एप्रिल
आज टँकर आला. खरा.
माईकवर ओरडलो. कुणी आलं नाही. पुन्हा ओरडलो, आईची शपथ घेतली. एका घरातून आवाज आला, गप बस की बे. गल्लीगल्लीत पळालो, दारं वाजवली. लोकांना वाटलं कार्यक्रमाचं आमंत्रण. ड्रायव्हर पंडित अर्धा तास थांबला, म्हणाला, मला अजून दोन गावं हायेत, अन् गाडी वळवून गेला. भरलेली गाडी. मागून पाणी गळत होतं.
जानकीला घरी येऊन सांगितलं. तिनं हंडे उचलले अन् दोन कोसांच्या वाटेला लागली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. लई लाज वाटली. गुरुजींच्या पेपरात याबद्दल काही नाही, दोनदा बघितलं.

१५ एप्रिल
संस्थेची तातडीची सभा. आप्पाराव म्हणाले, ह्याच्या तोंडावर आता गावाचा इस्वास न्हाई. ठराव झाला की टँकरची वर्दी सारजाबाई देणार, कारण तिच्यावर सगळ्यांचा भरवसा. सारजाबाई म्हणाली, माईकमदी बोलायला मला लाज वाटती, त्यापरीस ते लाकूड वाजवीन. एकमताने मंजूर. गिटार संस्थेकडं जमा.
म्हणजे माझ्या कलेचा गावावर प्रभाव पडला. पडलाच म्हणायचा.
सभेनंतर म्हणालो, आजी, तारा सुरात लावून देतो. ती म्हणाली, हात लावशील तर याद राख.

१७ एप्रिल, सकाळी १०
टँकर आला. सारजाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला, उलथनं घेतलं, अन् सहाही तारांवर एकदम मारलं. भोंग्यातून असा आवाज निघाला की पिंपळावरचे कावळे उठले. वस्तीवरून, तांड्यावरून, मारुतीच्या पारावरून माणसं धावत आली. एक घर मागं राहिलं नाही. पंडित म्हणाला, वा म्हातारे, काय वाजवती! लोक हसले. कुणीतरी म्हणालं, आजी, आणखी एकदा. तिनं आणखी एकदा मारलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या.
मला पाइप धरायला लावलं होतं.
जानकी रांगेत तिसरी. हंडा भरला, डोक्यावर घेतला, सारजाबाईकडं बघत मला म्हणाली, बघा, ह्याला म्हणत्यात वाजवणं.
पाण्याचा आवाज मोठा होता. मला ऐकू आलं नाही असं दाखवलं.