रंग ओला आहे

ती. दादास,

सा. न. वि. वि. इकडे आम्ही सगळे आपापल्या पायांवर उभे आहोत. तुझा गुडघा काय म्हणतो? वहिनीलाही नमस्कार सांग. तिची सर्दी (की ती मागच्या पत्रातली होती?) गेली असं धरून चालते. मुद्दाम पत्र लिहितेय, कारण फोनवर तू नुसतं 'हं, हं' करत टीव्ही बघत असतोस, हे मला इथे बसून कळतं.

तर झालं असं, की थंडी सरून झाडांना पालवी फुटली की आमच्या इमारतीतले सगळे एका संध्याकाळी अंगणात जमतात आणि प्रत्येक घराने काहीतरी करून आणायचं असतं. यंदाच्या बैठकीत सेक्रेटरीबाईंनी हसत हसत विषय काढला, की मागच्या वर्षी एका घरातून (म्हणजे आमच्या) नुसत्या चिरलेल्या काकड्या आल्या होत्या. मला ते इतकं झोंबलं, की मी तिथल्या तिथे जाहीर केलं, यंदा मी पफ पेस्ट्रीची बिस्किटं आणणार, फुलपाखरांच्या आकाराची, वर रंगीत साखरेची नक्षी काढलेली. टाळ्या पडल्या. पफ पेस्ट्री मी तोवर फक्त खाल्ली होती.

ती करायची म्हणजे पीठ लाटायचं, त्यात लोण्याची लादी गुंडाळायची, चादरीसारखी घडी घालायची, फ्रिजमध्ये ठेवायचं, मग पुन्हा लाटायचं आणि पुन्हा घडी. असं करत गेलं की पदर सुटतात म्हणे. मला कसला धीर! (तुला माहीत आहेच.) मी फ्रिजचा भाग गाळला. लोणी बाजूने ओघळलं, ओट्यावरून खाली उतरलं, आणि तुझे मेहुणे चहा मागायला आले ते थेट फ्रिजपर्यंत घसरत गेले. दुसऱ्या खेपेला सगळं नियमाने केलं आणि पदर इतके सुटले, की ओव्हनमध्ये माझी फुलपाखरं फुगून एका अंगावर कलंडली. मेहुण्यांनी काचेतून वाकून पाहिलं आणि मनापासून म्हणाले, "वा, बूट छान झालेत."

बाबा हे सगळं खिडकीजवळच्या खुर्चीतून बघत होते. आई गेल्यावर ते आमच्याकडे आले तेव्हापासून ती खुर्ची आणि ते एकच झालेत. बोललेच तर दाराच्या बिजागरीच्या कुरकुरीबद्दल. हात थरथरतो म्हणून चहाचा कप अर्धाच भरून घेतात, आणि तोही कुणी बघत नसताना पितात. जन्मभर दुकानांच्या आणि कचेऱ्यांच्या पाट्या रंगवलेला माणूस, पण त्यांना साधी सही करायला सांगितली की चष्मा सापडत नाही.

शेवटी मी फुलपाखरांचा नाद सोडला. उरलेल्या पिठाचे सुरीने सरळ आयत कापले आणि फुगू नयेत म्हणून वर दुसरा ट्रे दाबून ठेवून भाजले. निघाले ते सपाट, खरपूस, कडा रेखीव. नक्षी मात्र जमेना. अंड्यातलं पांढरं आणि पिठीसाखर निळा रंग घालून घोटली आणि कागदाच्या कोनात भरली होती. फूल काढलं, तर ते अपघातात सापडल्यासारखं दिसायला लागलं. मला रडूच आलं. (हे वहिनीला सांगू नकोस.)

तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बाबा ओट्याशी आले, एक बिस्किट उचलून उजेडात तिरपं धरून बघितलं आणि म्हणाले, "पाटी चांगली आहे. वाया का घालवतेस?"

मग त्यांनी मनगट टेकायला, पाटी रंगवताना काठी धरायचे तसा, लाकडी डाव मागितला. डावा हात डावाच्या दांड्यावर, उजवं मनगट त्या हातावर, कोन चिमटीत. मी बघत होते. दादा, हात थरथरला नाही. एका दमात, त्यांच्या त्या जुन्या डौलदार वळणात, निळ्या साखरेने त्यांनी लिहिलं: 'रंग ओला आहे'. मी म्हटलं, बाबा, फूल काढायचं होतं. तर म्हणाले, "फूल मला येत नाही. आणि रंग ओला आहेच."

त्यानंतर त्यांना आवरणं कठीण झालं. 'हात लावू नये'. 'कुत्र्यापासून सावध'. 'दार ढकलावे'. 'विनाकारण थांबू नये'. जन्मभराच्या पाट्या बाहेर पडत होत्या आणि मधूनमधून कोणती कुणाच्या दुकानावर होती, त्या दुकानदाराची बायको कशी पळून गेली, ही माहितीही. शेवटी मी ट्रे झाकून अंगणात नेला.

सेक्रेटरीबाईंनी झाकण काढलं आणि एकेक बिस्किट वाचलं. मग खुर्ची धरून हसायला लागल्या. क्षणात झुंबड उडाली. वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्यांनी 'आवाज करू नये' दवाखान्यासाठी बाजूला काढून ठेवलं. गाडीच्या जागेवरून ज्यांचं एकमेकांशी बोलणं बंद होतं, त्या दोन शेजाऱ्यांनी 'येथे वाहन उभे करू नये' यावर एकदमच हात टाकला. ते मधोमध मोडलं आणि दोघांनी अर्धं अर्धं खाल्लं. बोलले नाहीत, पण चुरा एकाच रुमालात झटकला. काही जण हातात बिस्किट घेऊन नुसते बाबांभोवती उभे होते, आणि बाबा पूर्ण भरलेला कप हातात धरून त्यांना अक्षरांची वळणं समजावत होते. थोडा सांडला. त्यांनी पाहिलंही नाही.

असो. भाच्यांना आशीर्वाद.

तुझी,
धाकटी

ता. क. बाबांचे ब्रश तुझ्या माळ्यावर आहेत. ताबडतोब पाठव.

ता. क. २. खरं सांगते, पत्र लिहायला घेतलं ते वेगळ्याच कारणाने. महिनाअखेरीस तू बाबांना न्यायला येणार होतास, त्याची तारीख पक्की करायची होती. येऊ नकोस. राहू देत ते इथेच.

ता. क. ३. आत्ता त्यांना हे वाचून दाखवलं. म्हणाले, "मला विचारलंत का कुणी? मी जाणार. सूनबाईच्या ओव्हनमध्ये दोन ट्रे मावतात." बॅग भरायला घेतलीय. तेव्हा दादा, एवढीच विनंती: पत्र मिळताच फोन कर आणि त्यांना सांग, ओव्हन बिघडलाय.