तीन वाट्या दूध

४ जून १९८१
आज रुजू झाले. पंचवटीत खोली, मुलांच्या इस्पितळात नोकरी आणि घरमालकीणबाईंच्या हातचा शिरा. एका दिवसाला एवढं सुख पुष्कळ झालं. काम असं : अतिदक्षता विभागात आईबापांना सोडत नाहीत, तर बाहेर बाकावर बसलेल्यांना धीर द्यायचा. मोठ्या डॉक्टरांना मी पहिल्याच भेटीत बजावलं, खोटा धीर हा गरिबाचा अपमान आहे, तो माझ्याकडून होणार नाही. ते म्हणाले, बाई सभा गाजवतात हे ऐकून होतो.

१० जून
बाकावरच्या आया पदराआड वाटीत आपलं दूध काढतात. वाटीवर खाटेच्या नंबरची चिकटपट्टी. मी ती आत नेते, सिस्टर नळीने पाजते. रिकामी वाटी परत हातात आली की आईचा चेहरा उजळतो. मूल प्यायलं, म्हणजे जगतंय. विंचूरकडच्या कुसाबाईचं बारा दिवसांचं बाळ तीन नंबरला आहे. ती सिस्टरला विचारत नाही, मलाच विचारते, "पितंय का वं ताई?" पितंय. खरंच पितंय.

१५ जून
कुसाबाईचं बाळ सकाळी आठला गेलं. ऑक्सिजनचा सिलिंडर रिकामा होता. भरलेला डॉक्टरांनी काल मित्राच्या दवाखान्यात पाठवला होता. आज विश्वस्त येणार, चारपर्यंत बाकावर रडारड नको, असा डॉक्टरांचा हुकूम. मी भांडले नाही. तिच्या हातून तीनदा वाटी घेतली, मोरीत ओतली, विसळून परत दिली. तीनदा म्हटलं, पितंय.
चारला तिला सांगितलं. रडली नाही. "मंग सकाळधरनं दूध कोन पेलं, ताई?"

१८ जून
तिचा नवरा पुंजा आला होता. कुसाबाई, बाळ गेलं त्याच संध्याकाळी, घरी जाताना एस.टी.त बसल्या जागी गेली. पदर दुधाने भिजलेला होता, म्हणाला. पोरगं कशानं गेलं ते सहीनिशी लिहून द्या, कोर्टात जातो. मी म्हटलं, जन्मतःच अशक्त होतं — आणि तोंड भरून आलं. कोमट, गोड. रुमालात थुंकले. दूध होतं.

२० जून
बाकावर यशोदाबाई बसते, तिची मुलगी आत आहे; डॉक्टर येऊन तिला म्हणाले, तुमची मुलगी सुधारतेय. मुलगी पहाटेच गेली होती. त्यांचं वाक्य पुरं झालं नाही. नाकातोंडातून दूध आलं. कोरड्या फरशीवर माणूस बुडून मेला. बाकावरची एकही बाई उठली नाही. मीही नाही. बरं वाटलं मला.

२१ जून
मुलगी गेल्याचं यशोदाबाईला अजून कोणी सांगितलेलं नाही; खरं सांगायला मी गेले. तोंड उघडलं — दूध. खरं बोलतानाही दूध. कुसाबाईला माझं खरं आता नको —

२२ जून
आवाज गेला. एक वाटीभर ओकले. दुपारी दुसरी. बाकावर सगळ्या बघतात — पाणी कोणी देत नाही —
हात चालतो अजून.

२३ जून
पुंजा, तुझं पोर अशक्त नव्हतं. सिलिंडर रिकामा — डॉक्टरांनी पाठवला — मला ठाऊक होतं. दूध मी ओतलं. तिसरी वाटी छातीत चढतेय — श्वास — थांब, सहीशिवाय कोर्ट मानणार नाही — सही करते — मी, खाली सही करणार —