पिशवीतलं सत्त्व

किहीम,
बुधवार, १८ एप्रिल १९६२

तीर्थरूप शिवदासदादास,

धाकट्या केसरचा नमस्कार. इकडे सगळं बरं आहे असं लिहायची रीत, म्हणून लिहिलं. यांची होडी रोज जाते, मासळी बरी लागते. बोंबील वाळत घातलेत आणि कावळे हाकता हाकता माझा जीव मेटाकुटीला आलाय. वहिनींचा गुडघा कसा आहे?

एक विचारायचं होतं. शिमग्याला आलास तेव्हा तुझ्या कारखान्यातून पांढऱ्या पिठाची पिशवी आणलीस ना, ती कपड्यांच्या खळीची होती का रे? "मक्याचं सत्त्व आहे गं, थोडं घातलं तरी पुष्कळ होतं," एवढं ओरडून तू रेवसच्या गाडीकडे पळालास. लाँच चुकत होती तुझी! कशात घालायचं ते सांगायला तोंड शिवलं होतं काय?

सत्त्व म्हटलं की आपल्याकडे काय समजतात, हे तुला का सांगायला हवं? आई नाचणी भिजवून वाटायची, फडक्यातून गाळायची, तळाला बसलेलं पांढरं वाळवायची. आपण दोघं त्याच्यावरच वाढलो. मलाही तेच वाटलं.

माझी जाऊ तुळशी, तिचं पाच महिन्यांचं पोर तू पाहिलंस. शिमग्यानंतर तिला ताप आला आणि दूध आटलं. म्हशीचं दूध पोराला सोसेना, नाचणीचं सत्त्वही उलटून पडायचं. मग मी तुझ्या पिशवीतलं चमचाभर पीठ दुधापाण्यात शिजवलं, गूळ घातला. पोर मटामटा प्यालं आणि पोटात राहिलं! तेव्हापासून रोज देते. गालांवर मांस आलंय त्याच्या. तुळशी तर उठता बसता मला दुवा देते.

रविवारी शेजारचा अंबाजी मुंबईच्या गिरणीतून रजेवर आला. पिशवीवरचा शिक्का बघून म्हणाला, "केसरवैनी, ही तर आमच्या खात्यात येते. सुताला खळ देतात हिची. बुरशी धरू नये म्हणून औषध मारलेलं असतं."  कुणी खाल्लं तर, असं मी सहज विचारल्यासारखं विचारलं. तर म्हणतो, "खायचंबी त्याच कारखान्यात बनतंय की. बिस्किटात घालतात, आइस्क्रीमात घालतात. पिशव्या सारख्याच. ही कंची, मला कळायची न्हाय."

मग एकेक आठवायला लागलं. नाचणीचं सत्त्व गार झालं की थिजतं, वडी पाडावी असं. तुझं थिजतच नाही. सकाळी शिजवलेलं दुपारीही पळीवरून तेलासारखं ओघळतं. गाठ नाही, वास नाही. आणि मी मेली त्याचं कौतुक करत होते! तुम्ही त्याला तिथे करता तरी काय? अंबाजी म्हणाला, आम्लात भिजवतात. मग नीट धुता का रे नंतर?

दादा, खरं सांगते. अंबाजी बोलल्यावरही मी दिलं. सोमवारी पीठ संपलं म्हणून सांगितलं, तर पोर रडून रडून घुसमटलं. तुळशीने फळी धुंडाळली आणि पिशवी घेऊन आली. "वैनी, हाय की अजून!" तिचं हसणं बघून मी चूल पेटवली. मीच शिजवलं. आधी वाटीभर स्वतः प्याले, देवाला म्हटलं, काय व्हायचं ते मला होऊ दे. मला काही झालं नाही. पण माझं पोट दगड पचवणारं, त्याचं ते केवढं!

काल रात्रीपासून पोराला जुलाब लागलेत. सासूबाई म्हणतात, दात येत असतील. त्यांना म्हणायला काय जातंय!

आज सकाळी मी तुळशीला सगळं सांगून टाकलं. वाटलं, झिंज्या धरेल माझ्या. तिने पोराला छातीशी धरलं, पिशवीकडे बघितलं आणि विचारलं, "मंग वैनी, आता त्याला देऊ काय?"

मी यांना हाक मारली. हे होडी तशीच ठेवून दोघांना घेऊन अलिबागला डॉक्टरकडे गेलेत. डॉक्टर आधी हेच विचारणार, पोराच्या पोटात काय गेलंय? आणि ते आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नाही.

हे पत्र आणि मूठभर पिठाची पुडी अंबाजीच्या हाती आजच्याच लाँचने पाठवते. तू पिशवी फाटकावर न सांगताच आणली असणार, मला कळतं. तरी तुझ्या साहेबापुढे जा. नोकरी गेली तर आमच्यात येऊन राहा, पेजेला कमी पडणार नाही. पण पुडी दाखव आणि विचार. काय कळेल ते डॉक्टरांच्या नावे अलिबागला तार कर, पत्ता अंबाजीकडे आहे.

आणि वाईट कळलं, तर नुसती तार करून थांबू नकोस रे. मिळेल त्या लाँचने ये. तुळशीसमोर मला एकटीला उभं राहवणार नाही.

ज्या हाताने पाजलं त्याच हाताने लिहिणारी,
तुझी केसर