पहिली पत्रावळ थोरल्याची

रविवार, ६ एप्रिल. रामनवमी.
निलूचं पुस्तक आलं. पहिलंच. नात अमरावतीला कॉलेजात शिकवते, आता कादंबरीवालीही झाली. वर बाईचं चित्र. कमरेत वाकलेली, विहिरीपाशी उभी, तोंड आभाळाकडे. विहिरीवर उभं राहून आभाळाकडे कोण पाहतं? बादली जाईल ना आत.
उघडल्याबरोबर लिहिलंय, 'आजीला'. मला अक्षर येत नाही. सून, म्हणजे निलूची आई, वाचून दाखवणार, अन् ऐकून मला जे वाटेल तेही तीच लिहिणार. सुनंदा माझ्या 'मले'चं 'मला' करते. करू दे. शिव्या तेवढ्या गाळू नको म्हटलं.

मंगळवार, ८ एप्रिल.
दुपारी वाचन. पुस्तकातल्या बाईचं नाव गिरिजा. पण पातूरच्या रस्त्यावरचा मळा माझा, नाकातली फुली माझी, अंबाडीची भाजीसुद्धा माझीच. गिरिजाचा नवरा पहिल्या वर्षीच काविळीनं जातो. जसा माझा पहिला नवरा, थोरला, गेला. मग धाकट्या दिराशी तिचा पाट लावतात. जसा माझा लावला. इथपर्यंत ठीक.
पुढे ही बाई जन्मभर थोरल्यासाठी झुरते. चांदणं पडलं की झुरते, पाऊस आला की झुरते.
"सुनंदा, हे बाई कापूस कवा वेचते वं?"
"आत्याबाई, ऐका ना गुमान."
थोरल्याशी माझा संसार एका कापसाचा. त्याची मिशी आठवते. तोंड नाही आठवत.

गुरुवार, १० एप्रिल.
जेवले नाही. राग.
निलूनं बुढ्याला मुकं करून टाकलं. बुढा म्हणजे माझा दुसरा, तिचा सख्खा आजा. पुस्तकात तो उंबऱ्यात बसून गप्प पाहतो. बायको आपली नाही हे त्याला म्हणे 'उमगलेलं' असतं. कोण गप्प? तो माणूस वांग्यांशी बोलायचा. अकोल्याच्या बाजारात भाजी विकायला बसलो की गिऱ्हाईक सोडून माझ्याशी भांडायचा. गिऱ्हाईक कंटाळून पुढच्या ढिगाकडे जायचं. भांडून झालं की म्हणे, "चाल, तोंड वाळलं तुह्यं, उसाचा रस पी." त्यातला अर्धा ग्लास तोच प्यायचा.
याला पुस्तकात काय म्हणतात, मला ठाऊक नाही.

रविवार, १३ एप्रिल.
निलूला फोन.
"बुढ्याची जीभ कावून कापली वं?"
"आजी, कादंबरी आहे ती. गिरिजा म्हणजे तू नाहीस."
"मंग 'आजीला' कावून लिवलं? शेजारच्या आजीले लिवाचं होतं."
मग म्हणते, "मी लहानपणापासून पाहिलंय. आखाजीला तू पहिली पत्रावळ मोठ्या आज्याची वाढतेस. माझ्या आबांची नंतर. वाढताना डोळे पुसतेस. मला सगळं तिथूनच सुचलं."
फोन सुनंदाच्या हातात दिला.

सोमवार, १४ एप्रिल.
सुनंदा, हे नीट लिही.
आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आपण पितरांना जेवू घालतो. पाट लागल्यावर पहिली आखाजी आली. नव्या नवऱ्यासमोर जुन्याच्या नावानं कसं वाढायचं, मी पळी घेऊन नुसती उभी. बुढाच म्हणाला, "पयली भाऊची वाढ. माहा भाऊ हाय तो. तुह्या हातचं त्यानं पोटभर खाल्लं कुठं." दर वर्षी तेच. मग एक दिवस बुढा स्वतःच पितरांत जाऊन बसला. तरी मी पहिली थोरल्याचीच वाढते. बुढ्यानं सांगितलं म्हणून. तो होता तेव्हा त्याचं एक ऐकलं नाही. आता भांडायला समोर नाही, तर ऐकते.
डोळे पुसते ते दुसऱ्या पत्रावळीपाशी. पोरीनं डोळे पाहिले, पत्रावळ नाही पाहिली.

शनिवार, १९ एप्रिल.
सुनंदाची चोरी पकडली. शेवटाकडे वाचता वाचता मधलं गाळलं. "पानं चिकटली होती," म्हणे. कोरं पुस्तक. मी हटून बसले तेव्हा वाचलं.
दुसरा नवरा मरतो. गिरिजा रडत नाही. प्रेत अंगणात, अन् ती मळ्यात निघून जाते, 'आयुष्यात पहिल्यांदा मोकळा श्वास घेत'.
गेले होते. खरं आहे. विजेची लाइन नव्हती, वांगी सुकून चालली होती. बुढा खाटेवरून सांगून गेला होता, "माह्यं काई झालं तरी लाइन आली की मोटर चालू करजो. मंग बोंबलत बस." त्याच सकाळी लाइन आली. मोटर चालू केली. पाण्याच्या आवाजात कोणाला ऐकू जात नाही म्हणून मी तिथंच...
जाऊ दे. मोकळा श्वास म्हणे.
सुनंदा रडून राहिली. "तू कावून रडते? तुह्या पोरीचं पुस्तक खपते आता."

बुधवार, २३ एप्रिल.
रविवारी अमरावतीला प्रकाशन. निलू म्हणते आजीनं वर बसायचं, दोन शब्द बोलायचे. मी म्हटलं, येते.
सुनंदा घाबरली. "आत्याबाई, चार लोकांत काही काढू नका. तिचं पहिलंच आहे."
"अन् माहा बुढा दुसरा होता, म्हणून त्याचं काईच नाई का?"

रविवार, २७ एप्रिल.
अमरावती. शाल, नारळ. पाहुणे म्हणाले, पहिलं प्रेम मरत नाही. टाळ्या. बाया डोळ्याला पदर लावून माझ्याकडे पाहू लागल्या, जशी मीच थोरल्याची समाधी.
माइक दिला. निलूनं माझ्या खांद्यावरची शाल नीट केली. लहानपणी तिला ताप चढला की मी तिची गोधडी अशीच नीट करायचे. जे ठरवून गेले होते त्यातलं अर्धं गिळलं.
"पोट्टीनं लय चांगलं लिवलं. पण माह्या बुढ्याले बोलता येत होतं बाप्पा. एवढं लिवून घ्या."
लोक हसले. बुढी गंमत करते वाटलं त्यांना. निलू हसली नाही.
गाडीत मूर्तिजापूरपाशी सुनंदानं शाल घडी करून पिशवीत ठेवली. मग म्हणे, "पोरीची मान खाली गेली."
"वर कराले मी हाय. अगोदर जाऊ दे."

बुधवार, ३० एप्रिल. आखाजी.
निलू न सांगता आली, पातूरच्या एसटीनं. माझ्याशी अक्षर नाही. आईजवळ बसून ही वही वाचली, मग पुरण वाटलं. पुस्तक पुन्हा छापणार आहेत, बदलायचं तर आताच, असं आईला सांगत होती. मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.
मग माझ्याकडे न पाहता, "बदललं तर कादंबरीच उरत नाही, आजी."
"अन् नाई बदललं तर बुढा उरत नाई."
पत्रावळी मांडल्या. दोन. पळी तिच्या हातात दिली.
"कोणाची आधी?"
"मले कायले पुसते? लिवणारी तू."
सुनंदाला म्हटलं, वही आण, आत्ताच लिही. निलू उभी आहे. पळीतून वरण ठिबकून राहिलं. पितरांसाठी तूप-गूळ टाकलेले निखारे विझत आले. दोन्ही पत्रावळी रिकाम्या.
आता म्हणते, "आबा वांग्यांशी काय बोलायचे?"
मी म्हटलं, अगोदर वाढ.